प्रतिनिधी आणि मंत्री : वसंत साठे यांच्या कारकीर्दीचा विचार

संसदीय राज्यपद्धतीत एकाच मनुष्याने दोन धन्यांची चाकरी करावी असा एक विलक्षण संकेत रूढ आहे. ज्या जिल्ह्याने त्याला निवडून दिले त्या जिल्ह्याचा तो वकील असतो. आणि मंत्रिपदाची शपथ घेताच तो साऱ्या देशाचा कारभारी होतो. वकिलाने आपल्या पक्षकाराचीच बाजू मांडावी, आणि कारभाऱ्याने कोणाचीही बाजू न घेता न्याय करावा, ही दोन्ही कर्तव्ये निरनिराळी पाहिली असता निर्दोष आहेत. परंतु ती एकाच व्यक्तीच्या अंगावर येऊन पडली म्हणजे त्यांच्यात कलह उत्पन्न होतो. बहुतेक राजकारणी पुरुष हा कलह मनात न आणताच आयुष्य घालवितात. कोणी जिल्ह्याला धरून राहतात व देशाला विसरतात. कोणी दिल्लीत रमतात व जिल्ह्याला विसरतात. हा कलह आहे हे ओळखून त्यावर ग्रंथ लिहिणारे, आणि त्याच कलहाचे फळ आपल्या कारकीर्दीत भोगणारे गृहस्थ विरळा. वर्धा मतदारसंघाचे खासदार व केंद्रीय मंत्री वसंत साठे हे अशा विरळांपैकी एक होत. त्यांची कारकीर्द या दृष्टीने पाहिली असता तिच्यातून एका मनुष्याच्या यशापयशापेक्षा अधिक काही हाती लागण्यासारखे आहे.

प्रथम ज्या भूमीने त्यांना तीन वेळा निवडून दिले तिचा विचार करू. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. काळी जमीन, कपाशीचे पीक, हिंगणघाट व पुलगाव येथील कापडाच्या गिरण्या, एवढीच त्याची पहिली ओळख. ती ओळख पालटली १९३४ नंतर. महात्मा गांधी त्या वर्षी वर्ध्यास आले, १९३६ मध्ये शेगावास राहू लागले, आणि १९४० पासून ते शेगाव सेवाग्राम झाले. धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबांचा आश्रम होता. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला तो वर्ध्यातच. आणि पुढच्याच महिन्यात आष्टीच्या लोकांनी त्या ठरावाची किंमत आपल्या रक्ताने चुकती केली. अशा रीतीने एका लहानशा जिल्ह्याला सर्व देशाकडे पाहण्याची सवय लागली. आपल्या गावात जे घडते ते देशाचे असते, ही भावना येथे पुस्तकी नव्हती. ती डोळ्यांनी पाहिलेली होती.

या सवयीचा परिणाम प्रतिनिधींच्या निवडीवरही झालेला दिसतो. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत वर्ध्याने श्रीमन्नारायण यांना लोकसभेत पाठविले. हे गांधीवादी अर्थशास्त्राचे भाष्यकार. पुढे ते नियोजन मंडळाचे सभासद, नेपाळातील राजदूत व गुजरातचे राज्यपाल झाले. १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुकांत जमनालाल बजाज यांचे चिरंजीव कमलनयन बजाज निवडून आले. दोघेही नामांकित, दोघांचेही कार्यक्षेत्र जिल्ह्याच्या सीमांपेक्षा मोठे. १९७१ मध्ये जगजीवनराव कदम व १९७७ मध्ये संतोषराव गोडे यांना वर्ध्याने निवडले, आणि १९८० साली साठे येथे आले. तेव्हा सर्वदेशीय कीर्तीचा मनुष्य निवडून देणे वर्ध्याला नवे नव्हते. नवे होते ते एवढेच की हा मनुष्य निवडून येताच मंत्री झाला, आणि जवळजवळ दहा वर्षे अखंड मंत्री राहिला.

साठे यांचा जन्म ५ मार्च १९२५ रोजी नाशिक येथे झाला. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत त्यांचे काही शिक्षण झाले; पुढील शिक्षण नागपुरास. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे त्यांचे विषय. त्याखेरीज त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली व नागपुरास वकिली आरंभिली. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला होता. १९४८ साली ते समाजवादी पक्षात गेले, आणि त्या पक्षाच्या परंपरेप्रमाणे कामगार संघटनांच्या कामात पडले. १९६४ मध्ये अशोक मेहता यांच्यासारखे समाजवादी पुढारी काँग्रेसकडे वळले, त्या वर्षी साठेही काँग्रेसमध्ये आले. त्यांच्या घडणीतील ही सोळा वर्षे विसरता कामा नयेत. काँग्रेसमध्ये येणारा हा मनुष्य खादी व ग्रामोद्योग यांच्या मुशीतून निघालेला नव्हता. तो गिरणीच्या दारावरच्या सभांतून, कामगारांच्या मागण्यांतून आणि पाश्चात्य समाजवादाच्या ग्रंथांतून घडलेला होता. यंत्राचे त्याला भय नव्हते. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा त्याचा प्रश्न होता. वर्ध्याच्या परंपरेत व या पुढाऱ्यात जो सूक्ष्म विरोध होता त्याचे बीज येथे आहे.

१९७२ साली अकोल्याच्या पोटनिवडणुकीत ते प्रथम लोकसभेत गेले. १९७७ मध्ये आणीबाणीच्या रोषाने काँग्रेसची सत्ता कोसळली. उत्तरेकडे तर पक्षाचा जवळजवळ निःपात झाला. विदर्भाने मात्र काँग्रेसची साथ बहुतांशी सोडली नाही, आणि साठे अकोल्याहून पुन्हा निवडून आले. १९७८ च्या आरंभी पक्ष फुटला. महाराष्ट्रातील यशवंतराव चव्हाणांसारखे वजनदार पुढारी एका बाजूस राहिले. साठे इंदिरा गांधींच्या बाजूस उभे राहिले. त्या काळी त्या बाजूस उभे राहण्यात लाभाचा संभव थोडा होता. आणीबाणीच्या काळात सत्तारूढ बाकांवर बसल्याबद्दल साठे यांना दोष देता येतो, आणि तो दिलाही पाहिजे. तथापि त्यांची निष्ठा केवळ सत्तेची होती असे मात्र १९७८ चे वर्तन पाहिले असता म्हणवत नाही.

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा अधिकारारूढ झाल्या आणि वर्ध्याच्या नव्या खासदाराकडे माहिती व नभोवाणी खाते आले. त्या वेळी आपल्या देशात दूरचित्रवाणी होती ती काळीपांढरी, आणि तीही थोड्या शहरांपुरती. दिल्लीस तिचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला होता. मुंबईस ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. १९७५–७६ साली उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला. पण प्रयोगाचे वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. अशा स्थितीत साठे यांनी रंगीत प्रक्षेपणाचा पुरस्कार आरंभिला. तेव्हा उठलेला आक्षेप साधा व मर्मभेदी होता. ज्या देशात खेड्यांना पिण्याचे पाणी नाही त्या देशाने रंगीत चित्रांची चैन का करावी? साठे यांचे उत्तर असे, की जग जे यंत्र टाकून देत आहे ते आपण नव्याने उभारीत बसलो तर आपण गरिबी वाचवीत नाही, मागासलेपणा विकत घेतो. दिल्लीत भरणारे आशियाई क्रीडासामने हे निमित्त झाले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी स्वातंत्र्यदिनाचा सोहळा रंगीत दिसला. १९ नोव्हेंबर १९८२ रोजी क्रीडासामन्यांचा आरंभ झाला आणि देशाने तो रंगांत पाहिला.

या घटनेच्या पोटात दोन लहान गोष्टी आहेत. त्या ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की त्या दिवशी साठे त्या खात्याचे मंत्री नव्हते. सप्टेंबर १९८२ च्या आरंभी त्यांची रवानगी रसायने व खते या खात्यात झाली होती, आणि नभोवाणी खाते विदर्भाचेच दुसरे पुढारी ना. कृ. प. साळवे यांच्याकडे गेले होते. झाड लावावे एकाने आणि फळ पाहावे दुसऱ्याने, हा मंत्रिपदाचा नित्याचा न्याय. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. क्रीडासामन्यांच्या अवघे चार दिवस आधी, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, पवनारच्या आश्रमात विनोबांनी देह ठेवला. एकाच आठवड्यात वर्ध्याच्या मातीतील एक युग मावळले, आणि वर्ध्याच्या खासदाराने ज्याची खटपट केली होती ते दुसरे युग दिल्लीत उगवले. यांतील एकाचे दुसऱ्याशी कार्यकारणाचे नाते नाही, हे उघड आहे. परंतु प्रतिनिधी व त्याचे क्षेत्र यांच्यामध्ये किती अंतर पडू शकते हे दाखविण्यास याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

हे अंतर म्हणजे अपराध नव्हे. वर्ध्याच्या मतदारांनी साठे यांना गांधीवादी म्हणून निवडले नव्हते, आणि साठे यांनीही तसा वेष कधी घेतला नाही. उलट त्यांनी आपल्या आठवणींच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच स्वतःला बुद्धिवादी म्हणवून घेतले आहे. सेवाग्रामचे नाव घेऊन दिल्लीत उलट वागणाऱ्यांपेक्षा हा सरळपणा बरा. मात्र रंग आणणाऱ्या या मंत्र्याने नभोवाणीला सरकारच्या मुठीतून सोडविले नाही, हेही नमूद केले पाहिजे. वर्गीज समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन यांना स्वायत्तता द्यावी असे सुचविले होते. ती सूचना साठे यांच्या अमदानीत तशीच पडून राहिली. तिला अनुसरणारा कायदा १९९० मध्ये झाला व तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. चित्राचा रंग बदलला. चित्र कोणी दाखवावे याचा अधिकार बदलला नाही.

खते व रसायने या खात्यात ते १९८४ अखेरपर्यंत होते. त्याच वर्षी २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथे विषारी वायू सुटला आणि हजारो निरपराध माणसे प्राणास मुकली. त्या कारखान्याचा दोष कोणा एका मंत्र्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही; त्याची मुळे अनेक वर्षे मागे जातात. परंतु मंत्र्याची जबाबदारी म्हणजे नेमके काय, ती खात्यापुरती की देशापुरती, संसदेपुरती की लोकांपुरती, हा प्रश्न त्या रात्रीने जितक्या भीषण रीतीने विचारला तितका तो पूर्वी कोणीही विचारला नव्हता.

३१ डिसेंबर १९८४ रोजी राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात साठे यांच्याकडे पोलाद, खाणी व कोळसा ही खाती आली. १९८५ च्या उत्तरार्धात ऊर्जा खाते आले, आणि ते १९८९ च्या डिसेंबरात सरकार जाईपर्यंत त्यांच्याकडे राहिले. या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. सरकारी कारखान्यांचा मंत्रीच सरकारी कारखान्यांवर उघड टीका करू लागला. आयुष्याची प्रथम वर्षे कामगार चळवळीत घालविलेल्या समाजवाद्याने असे बोलावे याचे कित्येकांस आश्चर्य वाटले, कित्येकांस तो धर्मभ्रष्टपणा वाटला. परंतु साठे यांच्या लिखाणाचा क्रम पाहिला म्हणजे या टीकेचे मूळ सापडते. आर्थिक लोकशाही हा त्यांच्या विचाराचा आरंभबिंदू होता. सार्वजनिक धंद्यांची पुनर्रचना या विषयावर त्यांनी १९८९ मध्ये स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. सरकारची मालकी म्हणजे लोकांची मालकी हे समीकरण त्यांना पटेनासे झाले होते. १९९१ नंतर जे बोलणे सर्वमान्य झाले ते सत्तेच्या खुर्चीवर बसून त्याआधी पाच वर्षे बोलणे सोपे नव्हते, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

ऊर्जा खात्यातील त्यांच्या वर्षांत ज्या संस्था जन्मास आल्या त्यांची नुसती नावे सांगितली तरी कामाचा आवाका कळेल. कोळशाच्या खाणींचा कारभार १९८५–८६ मध्ये नव्या कंपन्यांत विभागण्यात आला. विजेच्या योजनांस भांडवल पुरविणारे पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन १९८६ मध्ये निघाले. सूर्य, वारा इत्यादींपासून मिळणाऱ्या शक्तीस द्रव्यसाह्य करणारी संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली. आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये राष्ट्रीय वीजपारेषण महामंडळाची नोंदणी झाली. हेच महामंडळ पुढे १९९२ मध्ये पॉवरग्रिड या नावाने प्रसिद्धीस आले. एका प्रांतात वीज उरावी आणि शेजारच्या प्रांतात दिवे मालवावेत, हा प्रकार थांबविण्यासाठी सर्व देशाच्या तारा एका जाळ्यात गुंफणे अवश्य होते. हे सर्व एका मंत्र्याचे कर्तृत्व नव्हे. मंत्रिमंडळ, अभियंते व सनदी अधिकारी यांचा त्यात वाटा आहे. तरी त्या वर्षांचा जबाबदार मंत्री म्हणून त्याची नोंद साठे यांच्या नावावर होते.

आता वर्ध्याच्या मतदाराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहू. आपला खासदार मंत्री आहे याचा त्याला अभिमान आहे. परंतु राष्ट्रीय जाळ्यातील तार कोणत्या जिल्ह्याची? पोलादाची किंमत ठरविताना हिंगणघाटचा विचार निराळा कसा करावा? मंत्र्याने आपल्या जिल्ह्यास झुकते माप दिले तर तो चांगला प्रतिनिधी व वाईट मंत्री ठरतो. न दिले तर चांगला मंत्री व वाईट प्रतिनिधी. त्या काळी खासदाराच्या हाती विकासकामांचा स्वतंत्र निधीही नव्हता. तो १९९३ च्या अखेरीस सुरू झाला. म्हणजे मतदाराची सर्व अपेक्षा मंत्र्याच्या वजनावरच टेकलेली. इकडे विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा त्याच दशकात ऐन भरात होती. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. तो राज्य सरकारच्या कारभाराविषयी होता, केंद्राच्या नव्हे. पण शेतकऱ्याला राज्याची सूची व केंद्राची सूची यांतील भेद समजावून सांगत कोण बसणार? आपली माणसे दिल्लीत थोर झाली आणि आपले शेत मात्र कोरडेच राहिले, एवढेच त्याला दिसत होते.

साठे यांना हा पेच दिसत नव्हता असे नाही. किंबहुना इतरांहून तो त्यांनाच अधिक स्पष्ट दिसत होता. १९८९ साली त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा मराठी अर्थ ‘एका म्यानात दोन तलवारी’ असा होतो. कायदे करणारी सत्ता व कारभार करणारी सत्ता एकाच म्यानात कोंबल्याने दोन्ही तलवारी बोथट होतात, म्हणून राष्ट्राचा कारभारी लोकांनी सरळ निवडावा आणि संसदेने आपले कायद्याचे व देखरेखीचे काम मोकळेपणाने करावे, असा त्यातील मुख्य अभिप्राय. अध्यक्षीय पद्धतीचा हा पुरस्कार ते त्यापूर्वीही करीत होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर संशयही घेतला जात असे. तो संशय अकारण नव्हता. आणीबाणीचा अनुभव ताजा असता एका व्यक्तीच्या हाती कारभार द्यावा असे सत्तारूढ पक्षाच्या माणसाने म्हटले, म्हणजे ऐकणाऱ्यास ती व्यक्ती कोण हे वेगळे सांगावे लागत नसे. परंतु वक्त्याविषयी संशय असला म्हणून त्याचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो स्वतंत्रपणे तपासला पाहिजे.

हा वाद आपल्या घटनेच्या जन्मापासूनचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी त्याचा निर्णय थोडक्यात सांगितला होता. लोकशाही कारभारास स्थैर्य पाहिजे व जबाबदारीही पाहिजे. दोन्ही पूर्णपणे देणारी पद्धती अद्याप कोणास सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धती स्थैर्य अधिक देते, इंग्लंडची जबाबदारी अधिक देते. आणि मसुद्याने जबाबदारीची निवड केली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. संसदीय पद्धतीत कारभाऱ्याची पारख दोनदा होते: सभागृहात प्रश्न व ठराव यांच्या द्वारा रोज, आणि मतदारांकडून ठराविक काळाने. साठे यांच्या युक्तिवादाचे खरे उत्तर या दुहेरी पारखेत आहे.

आणि ती पारख त्यांच्या वाट्यास आलीच. १९८४ च्या लाटेत ते वर्ध्याहून निवडून आले. १९८९ मध्ये पक्ष देशात हरला, महाराष्ट्रात त्याला ४८ पैकी २८ जागा मिळाल्या, तरी वर्ध्याने साठे यांना राखले. १९९१ मध्ये चित्र उलटे झाले. महाराष्ट्रात काँग्रेसने ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या, आणि वर्ध्यात मात्र साठे पडले. त्यांना पाडणारे रामचंद्र घंगारे हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार. त्या पक्षाला त्या निवडणुकीत सबंध महाराष्ट्रात मिळालेली ही एकच जागा. लाट पक्षाच्या बाजूची असता जो उमेदवार पडतो त्याला पक्षाच्या नावाने सबब सांगता येत नाही. तो निवाडा त्याच्यापुरता असतो. ज्या मनुष्याने आयुष्याचा आरंभ कामगारांच्या लाल झेंड्याशेजारी केला, त्याला लाल झेंड्याच्याच उमेदवाराने घरी बसवावे, हा इतिहासाचा एक विनोद होय.

असाच प्रसंग इंग्लंडात एडमंड बर्क याच्यावर आला होता. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने स्पष्ट बजावले, की प्रतिनिधी हा निरोप्या नव्हे. तो आपली बुद्धी मतदारांच्या सेवेस लावतो, त्यांच्या लहरीस विकत नाही. त्याप्रमाणे तो वागला, ब्रिस्टलचे व्यापारी रुष्ट झाले, आणि १७८० मध्ये पराजय समोर दिसताच त्याने माघार घेतली. पुढे एका उमराव मित्राच्या मुठीतील दुसऱ्या लहान मतदारसंघातून तो संसदेत राहिला. साठे यांना अशी पळवाट नव्हती. १९९१ नंतर ते संसदेत परतले नाहीत. बर्कचे ते भाषण आज जगभर शिकविले जाते. पण ब्रिस्टलच्या मतदारांनी चूक केली असे म्हणण्याचा अधिकार मात्र त्या भाषणाने कोणास मिळत नाही. प्रतिनिधीने आपल्या बुद्धीप्रमाणे वागावे हा त्याचा हक्क, आणि त्याला परत बोलवावे हा मतदारांचा. दोन्ही हक्क एकाच वेळी खरे आहेत.

म्हणून आमच्या मते साठे यांचे निदान बरोबर होते, औषध चुकीचे होते. निदान बरोबर होते याची साक्ष पुढील इतिहासाने दिली आहे. मंत्रिपदाच्या लोभाने पक्षांतरे होऊ लागली म्हणून १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती करावी लागली. मंत्र्यांची संख्या फुगू लागली म्हणून २००३ मध्ये एक्याण्णवाव्या दुरुस्तीने सभागृहाच्या शेकडा १५ ही मर्यादा घालावी लागली. आणि खासदार हा जिल्ह्याचा मुखत्यार ही लोकांची समजूत इतकी बळावली की त्याच्या हाती निधी देणे भाग पडले. ही तिन्ही ठिगळे एकाच फाटक्या जागी लावलेली आहेत, आणि ती जागा साठे यांनी दाखविलेली होती. परंतु त्यांच्या औषधाने मंत्री व मतदारसंघ यांचा दोरच तुटला असता. अध्यक्षाने नेमलेल्या ऊर्जामंत्र्यास आर्वीच्या किंवा देवळीच्या बाजारात कोणी जाब विचारू शकला नसता. सत्ताधीशाला पाच वर्षांतून एकदा का होईना हात जोडून उभे राहावे लागते, हे संसदीय पद्धतीचे सर्वांत मोठे शिक्षण आहे. ते गमावून स्थैर्य विकत घेणे हा महागाचा सौदा होय. फ्रान्सने १९५८ च्या घटनेत मधला मार्ग काढला: मंत्री होणाऱ्याने संसदेतील जागा सोडावी, त्या जागी त्याच्याबरोबर निवडलेला बदली सभासद बसावा, आणि मंत्रिमंडळ मात्र संसदेस जबाबदार राहावे. म्हणजे जिल्हा पोरका होत नाही व मंत्री निरंकुश होत नाही. एका म्यानात दोन तलवारी न ठेवता दोन म्याने एकाच कमरेस बांधण्याचा हा प्रकार आपल्याकडे विचारात घेण्यासारखा आहे.

पराभवानंतर साठे स्वस्थ बसले नाहीत. १९९० च्या दशकात ते भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचे अध्यक्ष होते. २००३ साली त्यांनी साळवे यांच्यासह स्वतंत्र विदर्भाच्या मागणीसाठी विदर्भ राज्य निर्माण काँग्रेस स्थापन केली. दूरचित्रवाणी, पोलाद, कोळसा, वीज यांचा साऱ्या देशाच्या मापाने विचार करणारा मनुष्य उतारवयात आपल्या प्रदेशासाठी पक्ष सोडतो, ही गोष्ट वरवर विसंगत दिसते. आम्हांस ती तशी वाटत नाही. दिल्लीच्या कारभाऱ्याने दहा वर्षांत जे पाहिले त्याचाच तो निष्कर्ष असला पाहिजे: मोठ्या राज्याच्या कोपऱ्यातील जिल्ह्यास एखाद्या मंत्र्याचे वजन पुरत नाही; त्याला स्वतःची चूल लागते. त्या मागणीस मतपेटीत फार बळ मिळाले नाही. २३ सप्टेंबर २०११ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, साठे निवर्तले.

त्यांच्या कारकीर्दीचे मोजमाप घेताना वर्ध्यास काय मिळाले असा प्रश्न विचारला जातो, आणि देशास काय मिळाले असाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्ध्याने १९९१ मध्ये आपल्या मताने देऊन टाकले आहे. दुसऱ्याचे उत्तर घराघरांतील रंगीत पडद्यावर आणि शेतांवरून जाणाऱ्या तारांवर वाचता येते. दोन्ही उत्तरे खरी असून ती एकमेकांशी जुळत नाहीत. ती जुळवून देणारी राज्यघटना लिहिणे हे काम अजून शिल्लक आहे, आणि ते ज्याच्या हाती येईल त्याने अमेरिका व फ्रान्स यांच्या घटनांबरोबरच वर्धा मतदारसंघाचा हा दहा–बारा वर्षांचा इतिहासही समोर ठेवावा.